शेप्या आंब्याच्या कोयी

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. जिला सांगायला हवं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही.

गडमुडशिंगीला माहेरच्या घरामागं आंब्याचं झाड होतं. आईनं लावलेलं. आंबा चोखायला घेतला की शेपूच्या भाजीसारखा वास यायचा, म्हणून तो शेप्या. बाहेरच्या माणसाच्या घशाखाली उतरायचा नाही. आम्हा बहिणींना मात्र त्याच्यापुढं हापूस फिका.

आई गेली त्या वर्षी दादानं घर वाढवायला काढलं. झाड आड येत होतं. शेवटचे आंबे उतरवून ते पाडायचं ठरलं. माझी थोरली बहीण अक्का, आजऱ्याला दिलेली — तिनं एकच मागितलं. शेप्याच्या कोयी. धुऊन, राखेत घोळून ठेव म्हणाली. आमच्याकडं कोय तशीच लावतात, कीड लागत नाही म्हणून. तिच्या परड्यात तिला आईचं झाड हवं होतं.

आता काय सांगू? आईचं आजारपण मी काढलं, माहेरी राहून. हगणं-मुतणं, औषधं, सगळं. अक्का पाहुणीसारखी येऊन जायची. आणि आई? शुद्ध हरपत चालली तशी ती मला अक्का म्हणूनच हाक मारायला लागली. मी ओ द्यायचे. दर वेळी. आतून जळायचे, पण ओ द्यायचे.

राग काढायचा कुणावर? मेलेल्या माणसावर?

त्या कोयी मी उकडल्या. चुलीवरच्या अंघोळीच्या हंड्यात टाकल्या — पाणी खदखदेपर्यंत, आणि त्यानंतरही. मग सुकवून राखेत घोळल्या, अगदी तिनं सांगितलं तशा. राख लागल्यावर काही ओळखू येत नाही. तिनं ती पिशवी पोटाशी धरली तेव्हा मी शेजारीच उभी होते.

पावसाळाभर ती फोनवर सांगायची, अजून काही दिसत नाही. मी म्हणायचे, दमानं घे. दसऱ्याला तिनं माती उकरून बघितली. सगळ्या कुजलेल्या. तोवर इकडं झाडाच्या जागी स्लॅब पडला होता.

एक सांगायचं राहिलं — की मीच मागं ठेवत होते? अक्काला मूलबाळ नाही. त्यावरून सासरी तिनं काय काय ऐकलं, ते मला ठाऊक होतं. कोयी लावायला देतानाही ठाऊक होतं. दसऱ्याच्या त्या दिवशी फोनवर ती एवढंच म्हणाली, "माझ्या हातानं काय रुजतच न्हाय बघ. लोकं म्हणत्यात ते खोटं न्हाय."

फोन माझ्या कानालाच होता. एक वाक्य पुरलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात ती माझ्याकडं कोल्हापूरला आली होती. बाजारातला आंबा खाल्ला, कोय धुतली आणि राख नव्हती म्हणून तशीच खिडकीत ठेवली. "तू लाव गं. तुझ्या हाताला येतंय."

मी लावली. रुजली. तांबूस पानं धरलीत. दर फोनला अक्का विचारते, केवढं झालं? मी सांगते. ऐकून तिला बरं वाटतं.