विसूने बुजवलेला झरा

विसू गेल्याची बातमी मला कापसाच्या बाजारात, सौदा पटायच्या बेतात असताना कळली. मी 'अरेरे'सुद्धा म्हटलं नाही. सौदा पटवूनच घरी आलो. भिक्षुकाच्या पोटी जन्मून दलालीत उभा राहिलेला माणूस मी. कुणाला सहजासहजी सोडत नाही. आणि विसूवर तर माझा जुना राग होता.

अकोल्यात नळ आले तेव्हा आमच्या आईने ते घरात घेऊ दिले नाहीत. तोटीत चामड्याचा वायसर असतो, ते पाणी देवाला कसं चालायचं? आमच्या परसातली विहीर मात्र भर वैशाखातही आटत नसे. आईच्या सोवळ्याचं फळ, असं सगळी गल्ली म्हणे आणि मी छाती फुगवून ऐकत असे.

विसू माझा शाळासोबती, नळखात्यात मिस्त्री. पुढच्या वस्तीत पाणी पोचेना, तेव्हा चोरी होते की गळती, हे शोधायला तो निघाला. एकेक व्हॉल्व्ह बंद करायचा, लाकडी दांडा जमिनीवर टेकवायचा आणि वरच्या टोकाला कान लावून खालच्या पाण्याचा आवाज ऐकायचा. आमच्या परसाच्या भिंतीशी तो भर उन्हात बराच वेळ तसा वाकून उभा राहिला. मग तिथे खणलं, नळाच्या जोडात शिसं ठोकलं, खड्डा बुजवला. बघता बघता आमची विहीर तळाला गेली.

मी त्याला रस्त्यातच गाठलं. "विस्या, काय करून ठेवलं बे? जिवंत झरा बुजवला तू!"

तो दांडा पुसत राहिला. "असंन गड्या. माया हातून बुजला असंन."

मी त्याला आईसमोर नेलं, पायावर डोकं ठेवायला लावलं. त्याने ठेवलं. पुढे त्याच्याशी बोललो नाही... त्याची अमरावतीला बदली झाली तरी नाही.

आता तो गेल्यावर, लोक काय म्हणतील म्हणून बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला त्याच्या बायकोला भेटायला गेलो. सांत्वन राहिलं बाजूला, मी विहिरीचंच काढलं. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, तिथं झरा नोयताच. नळ फुटला होता, त्याचं पानी भिंतीखालून तुमच्या विहिरीत उतरून राहिलं होतं."

"मग मले काहून नाही सांगतलं त्यानं?"

"ते म्हनत, त्याले सांगतलं तर तो आईसमोरच बोंबलन. इतकी वर्षं देवाले नळाचं पानी घातलं, हे कळलं तर म्हातारी अन्न सोडन."

खरं आहे. बोंबललोच असतो. वहिनींकडे मान वर करून पाहवेना... तरी टोचतं. एकदा तरी माझ्यावर भरवसा टाकून पाहायचा होतास, विसू.

आई आता पलीकडच्या गल्लीतल्या विहिरीचं पाणी आणवते. कळशी उतरवली की रोज म्हणते, "त्या विसूनं विहीर मारली माही." तो गेल्याचं सांगितलं, तरी म्हणते. मी कळशीला हात लावतो आणि गप्प राहतो. इथे लिहायची हिंमत केली, कारण आईला वाचता येत नाही. ज्यांना येतं, त्यांनी आमच्या ओट्यावर याची चर्चा करू नये.