मिलूदाने मागे घेतलेला प्रश्न

मेक्नेसच्या जुन्या शहरात, तांबटांच्या गल्लीच्या टोकाला जे हम्माम, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघर आहे, तिथं मिलूदा एकतीस वर्षं बायकांच्या पाठी घासत आली आहे. काळा साबण चोपडायचा, वाफेनं अंग मऊ झालं की हाताला खरखरीत मोजा चढवायचा आणि मानेपासून टाचेपर्यंत मळ काढायचा. काम एवढंच. पण ते करता करता तिनं जे पाहिलं, ते कुठल्या कोर्टानं पाहिलं नसेल.

ती मूळची डोंगरातली. सोळाव्या वर्षी लग्न झालं. चोविसाव्या वर्षी पोरीला काखोटीला मारून ती नवऱ्याच्या पट्ट्याखालून जी निघाली, ती थेट या दारात येऊन बसली, कारण थंडी होती आणि आतून ऊब येत होती. मालकिणीनं काही विचारलं नाही, बादली हातात दिली. पन्नाशीत मिलूदा मशिदीतल्या वर्गात लिहा-वाचायला शिकली आणि पहिल्यांदा जे सबंध वाचून काढलं ते एका शेजारणीच्या जखमांबद्दलचं डॉक्टरचं सर्टिफिकेट. त्यातली एक ओळ चुकीची होती. डॉक्टरशी भांडून तिनं ती बदलून घेतली. तेव्हापासून गल्लीतल्या कुणाही बाईला दवाखान्यात, चौकीत, कोर्टात जायचं असलं की सोबतीला मिलूदा. राग तिच्या नाकावरच बसलेला, आणि तो तिथं आहे याचा तिला अभिमानही होता.

तिची एक रीत होती. अंगावर वळ दिसला तर पहिल्या आंघोळीला ती तोंड उघडत नसे. दुसऱ्यालाही नाही. वळाच्या कडेनं मोजा हलका फिरवायचा, बस्स. बाईला कळायचं की हिला कळलंय. तिसऱ्या नाहीतर चौथ्या आठवड्याला बाई भिंतीकडे बघत आपणहून बोलायला लागायची.

शमा अशीच बोलली होती. शिवणकाम करणारी, तिशीतली, एक पोरगी. चार महिन्यांपूर्वी ती मिलूदाबरोबर चौकीत गेली. तिथल्या पोलीसबाईनं सगळं लिहून घेतलं, चहा दिला आणि म्हणाली, "धीर धर गं, पोरीसाठी तरी." संध्याकाळी सासू येऊन शमाला घेऊन गेली. पुढं काय झालं ते मिलूदाला पुढच्या गुरुवारी तिच्या पाठीवर वाचायला मिळालं. तरीही शमा दर गुरुवारी येत राहिली. पोरीला समोर बसवायची आणि पाठ मिलूदाकडे करायची.

अशात डॉक्टर वियाम गल्लीत आली. संशोधन करणारी, सरळ, तरुण मुलगी. घरातली मारहाण आणि मुलांचे हाल थांबवायचे तर पुढची पाच वर्षं आधी कशाचा शोध घ्यायचा, हे ठरवायचं होतं. लोकांकडून जमलेले प्रश्न त्र्याऐंशी, ठेवायचे दहा. मत देणारे एकेचाळीस जण, आणि त्यांत ज्यांनी हे भोगलंय त्याही बाया हव्यात, असा वियामचा हट्ट.

"मावशी, तुम्ही याच."

"मत देता येणार की नुसतं बसायचं?"

"मत देता येणार."

"मग येते."

शिक्षकांच्या हॉलमध्ये बैठक भरली. गल्लीतली आणखी एक बाई, बेकरीवाली रबिया, हीपण होती. मिलूदाची पाळी आली तसे मेडिकल कॉलेजचे प्राध्यापक लहलू पुढं झुकले. टाय लावलेला, आवाज लोण्यासारखा, बाईमाणसाला आदरानं 'लल्ला' म्हणायची सवय.

"लल्ला मिलूदा, आधी तुमची कहाणी सांगा ना. सगळ्यांच्या काळजाला भिडेल."

"कहाणी? म्हणजे तुम्ही दोनदा नाक पुसणार, चहा पिणार, आणि प्रश्न मात्र तुम्हीच लिहिणार. मी रडायला नाही आले, उस्ताद. मत द्यायला आले."

मागच्या रांगेत हशा झाला. लहलूंनाही हसावं लागलं, पण ते त्यांना झोंबलं होतं. "जरूर द्या. फक्त संशोधनात मोजमाप लागतं. हम्माममध्ये काय मोजणार आपण? बादल्या?"

झालं. मिलूदाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तुमच्या दवाखान्यात बाई पायघोळ जेलाबा सावरत येते आणि जिन्यावरून पडले म्हणते. तुम्ही 'जिना' लिहून घेता. माझ्यासमोर ती उघडी बसते! कुठला जिना पट्ट्याचे वळ उठवतो हो? सहा वर्षांच्या पोरीच्या मांडीवर तापल्या चमच्याचा डाग कुठल्या जिन्यानं दिला? तुमच्या सगळ्या दवाखान्यांना दिसत नाही, ते मला एका गुरुवारी दिसतं!"

हॉल टाळ्यांनी दणाणला. तिथल्या तिथं नवा प्रश्न फळ्यावर चढला: हम्माममधल्या बायकांना शिकवून, मार खाणाऱ्या बाया आणि मुलं हुडकून, त्यांची खबर वर देता येईल का? कच्च्या मतदानात त्याला अठ्ठावीस मतं पडली. सगळ्यांत वर. लहलूंनी स्वतः येऊन हात मिळवला. मिलूदा घरी गेली ती वरातीतून आल्यासारखी.

तिनं शमाच्या पोरीचं नाव घेतलं नव्हतं, हे खरं. पण चमच्याच्या डागाला तांबटांच्या गल्लीत नाव लागत नाही. रबियानं ब्रेडबरोबर ती गोष्टही वाटली.

गुरुवारी शमा आली. मिलूदानं नेहमीसारखी चटई अंथरली.

"राहू दे. आज माझी मी घासते," शमा म्हणाली.

"पाठीला हात पुरणार आहे का तुझा?"

"नाही पुरला तर राहील मळ. मळाची खबर नाही जात वर."

तिनं पाठ भिंतीला लावली, पोरीच्या कमरेला टॉवेल गुंडाळला आणि घाईघाईनं पाणी ओतून दोघी निघून गेल्या. पुढच्या गुरुवारी आल्याच नाहीत. आणखी तिघी यायच्या थांबल्या. ज्या यायच्या त्यांतली एक म्हातारी वाफेतून ओरडली, "अगं जपून! मिलूदाच्या मोज्याला आता डोळे फुटलेत, सरकारी!" सगळ्या हसल्या. एरवी मिलूदानं तिला चार शब्द ऐकवले असते. त्या दिवशी ती खाली मान घालून बादली भरत राहिली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. टाळ्यांसाठी तिनं एका पोरीची मांडी भर हॉलमध्ये उघडी केली होती. शिवाय उद्या तो प्रश्न पास झाला, तर प्रत्येक हम्मामच्या दारात कागद घेतलेली बाई बसणार, आणि नवरे आपल्या बायकांची गुरुवारची आंघोळच बंद करणार. अंग उघडं करायची एकच जागा उरली होती, तीही जाणार.

दुसऱ्या दिवशी ती वियामच्या खोलीत उभी राहिली. "तो प्रश्न खोडा."

"मावशी, तो पहिल्या नंबरवर आहे!"

"म्हणूनच खोडा."

"एकदा फळ्यावर आलेला प्रश्न कुणा एकाला नाही खोडता येत. तुमच्यासारख्यांना डावलू नये म्हणून मीच केलाय तो नियम." वियामनं कपाळ चोळलं. "शेवटच्या मतदानाआधी पाच मिनिटं बोलू शकता. पण चूक झाली म्हणावं लागेल. सगळ्यांसमोर. लहलूंसमोरसुद्धा."

हे औषध कडू होतं. मिलूदानं नवऱ्यासमोर कधी चूक कबूल केली नव्हती, कोर्टासमोरही नाही. आठवडाभर ती स्वतःशीच भांडली.

शेवटच्या बैठकीत ती उठली. कागद आणला होता, पण उघडला नाही.

"मागच्या वेळी तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मला आवडल्या. त्या ज्या पोरीच्या जिवावर वाजल्या, तिची आई आता माझ्यासमोर बसत नाही. चूक माझी. माझ्या जिभेची. पण तुम्ही त्या चुकीला पहिला नंबर दिलात, तेवढी तुमची."

लहलूंनी हात वर केला. "लल्ला, हेतू तर चांगला आहे. कुणीतरी खबर द्यायलाच हवी ना?"

"खबर दिली होती, उस्ताद! त्या बाईनं स्वतः, चौकीत, माझ्या देखत. तिला चहा दिला आणि घरी धाडली. त्या रात्री तिचं काय झालं हे कुठल्या वहीत आहे? तुमच्या फळ्यावर चाळीस प्रश्न असे आहेत की बाईला बोलतं कसं करायचं. अहो, ती बोलतेच! आईला बोलते, शेजारणीला बोलते, पोरगं मास्तरला बोलतं. ऐकणाऱ्यानं पुढं काय केलं, हे विचारा. बोलल्यावर तीन महिन्यांनी ती कुठं आहे, घरात, रस्त्यावर की मातीखाली, हे शोधा. आणि जोवर त्याचं उत्तर मिळत नाही, तोवर माझ्या हम्माममधून एक नाव बाहेर जाणार नाही. मोजा माझा आहे."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मिलूदाला तेच बरं वाटलं. वियामनं तिचं म्हणणं नवा प्रश्न म्हणून फळ्यावर लिहिलं.

मग प्रत्येकाला पाच-पाच रंगीत टिकल्या मिळाल्या. ज्यानं त्यानं उठून फळ्यावर आपल्या प्रश्नापुढं चिकटवायच्या. मिलूदा जागेवर बसली नाही. एकेकाच्या खुर्चीशी गेली, वाद घातला, एका वकिलाशी तर आवाज चढवून. लहलू बराच वेळ फळ्यासमोर उभे होते. त्यांनी एक टिकली तिच्या नव्या प्रश्नापुढं लावली आणि चार आपल्याच प्रश्नांपुढं.

"एकच?" मिलूदा म्हणाली.

"एक, आणि तीही तुमच्या शिव्या खाऊन, लल्ला."

नवा प्रश्न तिसरा आला. हम्मामचा एकोणिसाव्यावर घसरला, म्हणजे यादीबाहेर. वियामनं तिला ती यादी छापून दिली.

ती यादी तिनं गरम खोलीबाहेरच्या बाकावर बायकांना वाचून दाखवली, अडखळत, पण स्वतः. नंतर त्या तिघींतल्या दोघी परत यायला लागल्या. शमा आली तीन आठवड्यांनी, पोरीशिवाय.

"खोडलंस म्हणे."

"मी एकटीनं नाही. मतं पडली."

"आणि परत आणलं कुणी तर?"

"परत जाईन. परत भांडेन."

"परत माझ्याच पोरीचं उदाहरण देऊन?"

मिलूदानं मान हलवली. "नाही. ते पाप एकदाच केलं. माफ कर म्हणत नाही, करायचं की नाही हा तुझा हक्क आहे. पण त्या नव्या प्रश्नासाठी पहिल्या वर्षी ज्या बायांना विचारणार आहेत, त्यांना काय विचारायचं हे ठरवायला चार बाया हव्यात. ज्या चौकीत जाऊन परत आल्यात अशा. नाव बाहेर जाणार नाही, तसं वियामकडून लिहून घेतलंय. तू येशील?"

शमानं केस पिळले, गाठ मारली. "कुठल्या वारी असतं?"

"मंगळवारी."

"मंगळवारी तो घरी असतो."

"मग वार बदलायला लावते," मिलूदा म्हणाली आणि ओल्या हातानंच फोन शोधायला उठली.