कोपराने पाहिलेलं पाणी

माझ्या सासऱ्यांच्या मते जगात दोनच प्रकारचे देश आहेत: बसून आंघोळ करणारे आणि उभ्याने आंघोळ करणारे. उभ्याने करणाऱ्यांचे रस्ते चांगले असतील, कारभार स्वच्छ असेल, गाड्या वेळेवर सुटत असतील (जर्मनीच्या बाबतीत हे शेवटचं विधान त्यांनी स्टुटगार्ट स्टेशनवर दोन तास बसल्यावर मागे घेतलं), पण ही माणसं आतून घाईत असतात आणि घाईतल्या माणसावर फार विसंबू नये. बादली भरायची, पाटावर बसायचं, तांब्याने डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि पहिल्या तांब्याला मोठ्याने देवाचं नाव घ्यायचं, याला ते आंघोळ म्हणतात. बाकी सगळं त्यांच्या लेखी भिजणं.

हा अधिकार त्यांना दोन बाजूंनी मिळाला आहे. त्यांचा जन्म राजापूरकडच्या एका खेड्यात झाला. तिथे जमिनीतूनच कढत पाणी येतं आणि ते लहानपणी त्या पाण्याच्या कुंडावर वाढले. पुढे उभी हयात त्यांनी सरकारी बॉयलर इन्स्पेक्टर म्हणून काढली. साखर कारखान्यांचे बॉयलर हातोडीने ठोकून, कान लावून, त्यांच्या पोटात काय चाललं आहे ते ओळखायचं, हे त्यांचं काम. पण घरातलं पाणी पाहायला त्यांना हातोडी लागत नाही, कोपर लागतं. कुठलंही गरम पाणी दिसलं की ते बाही वर करतात आणि उजवं कोपर त्यात बुडवतात. तळहात खोटं बोलतो, कोपर बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझी बायको, म्हणजे त्यांची एकुलती मुलगी, त्यांना चिडवायची, "बाबा, कोपर तान्ह्या बाळासाठी घालतात हो." त्यावर ते शांतपणे म्हणायचे, "मग? तुझ्यासाठीच शिकलो."

आम्ही बॉबलिंगेनला राहायचो. मी अजूनही राहतो. ती शेजारच्या झिंडेलफिंगेनमध्ये गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होती आणि मी एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी माहितीपुस्तिका लिहितो, म्हणजे कुणी वाचत नाही अशी पुस्तकं. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे सासरे दर उन्हाळ्यात तीन महिने आमच्याकडे यायचे. येताना सामानात पंचात गुंडाळलेला एक तांब्या असायचा आणि जाताना तो न विसरता परत जायचा. मुलीच्या घरी आपलं भांडं ठेवू नये, असा त्यांचा कुठल्याही शास्त्रात न सापडणारा नियम होता.

पहिल्या वर्षी आल्याच्या दुसऱ्या सकाळी त्यांनी आमच्या न्हाणीघराच्या फरशीवर बसून मनसोक्त आंघोळ केली. जर्मन न्हाणीघराला मोरी नसते. पाणी टबात पडेल एवढ्याच विश्वासावर सगळं बांधलेलं असतं. ते पाणी खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या झुंबरातून उतरलं, आणि त्या नाइटगाऊनमध्ये वर आल्या तेव्हा सासरे टॉवेल गुंडाळून दारात उभे राहून मला विचारत होते की एवढ्या पुढारलेल्या देशात कुणाला उतार काढता येत नाही का. मग माझ्या बायकोने लहान मुलांचं एक प्लॅस्टिकचं स्टूल आणून टबात ठेवलं. त्या दिवसापासून ते टबात स्टुलावर बसून, समोर बादली ठेवून, राजासारखी आंघोळ करू लागले. खालच्या बाई मात्र ते गावात असेपर्यंत छताकडे बघतच जेवत असाव्यात.

त्यांना बरं वाटावं म्हणून एकदा ती आम्हाला जवळच्या गरम पाण्याच्या बाथला घेऊन गेली. आम्ही दोघं तलावात असताना सासरे एक दार उघडून पलीकडे गेले. पलीकडे सौना होता, आणि जर्मन सौनामध्ये बायका-पुरुष एकत्र आणि विनावस्त्र बसतात हे त्यांना सांगायचं राहून गेलं होतं. ते लगेचच बाहेर आले आणि थेट कपडे बदलायला गेले. जेवताना हळूहळू उलगडा झाला. आत आमच्या इमारतीची देखभाल करणारे हाउसमाइस्टर बसले होते. त्यांनी अंगावर एक सूतही नसताना उठून सासऱ्यांशी हस्तांदोलन केलं, आणि या आठवड्यात जिना झाडायची पाळी, म्हणजे इकडची केअरवोखे, आमच्या मजल्याची आहे याची आठवण करून दिली. "माणूस कर्तव्याला पक्का," सासरे भाताकडे बघत म्हणाले, "पण मी कुठे बघत उत्तर द्यायचं?"

पुढे कामानिमित्त ती जपानला जाऊ लागली. एका शनिवारी तिकडच्या डोंगरातल्या गरम झऱ्याच्या गावातून तिने फोन केला आणि वडिलांना सांगितलं की इथे सगळे लहान स्टुलावर बसून, बादली घेऊन, आधी अंग स्वच्छ धुतात आणि मगच कुंडात उतरतात. मग त्यांनी विचारलं, "स्टूल किती उंच?" तिने बसून, मोजून सांगितलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. एखाद्या दूरच्या नातेवाइकाचा पत्ता लागावा तसा त्यांचा आवाज झाला होता. त्याच फोनवर तिने त्यांना शब्द दिला की एक दिवस तुम्हाला इथे घेऊन येईन.

ती गेल्याला आता दोन वर्षं होतील. आजार लहान होता, म्हणजे लवकर संपला. त्या वर्षी आम्ही दोघांनीही दिवाळी केली नाही. वर्ष सरल्यावर मी सासऱ्यांना फोन करून म्हटलं, या, आपण जपानला जाऊन येऊ. ते लगेच हो म्हणाले, पण पुढे जे म्हणाले ते मला नीट ऐकू आलं आणि ऐकू यायला नको होतं. "तिचा शब्द म्हणून येतो. त्यानंतर माझ्या फेऱ्या बंद. मुलीच्या घरी राहतानाही आमच्या पिढीला अवघड वाटतं, जावईबापू. नुसत्या जावयाच्या घरी मी कुठल्या नात्याने राहू?"

याला काहीतरी उत्तर होतं, पण मला शब्द लवकर सापडत नाहीत. ती दोन्हीकडचं बोलायची, आम्ही दोघं ऐकायचो, असंच आमचं घर चालत आलं होतं. ती लहानपणी कशी होती हे ठाऊक असलेला माणूस आता फक्त एक उरला होता, आणि तो परत येणार नव्हता. त्या घरातल्या उन्हाळ्याचा विचार मी करत नसे.

जपानमधला पहिला मुक्काम डोंगरातल्या एका खेड्यात होता. तिथे नवाच प्रश्न उभा राहिला. कुंडात कपडा न्यायचा नाही असा नियम, आणि सासऱ्याने जावयासमोर विनावस्त्र व्हायचं हे कुठल्या घराण्यात बसतं? पहिल्या दिवशी आम्ही पाळीपाळीने गेलो आणि जो बाहेर असेल तो व्हरांड्यात बसून झाडांची लाल पानं मोजल्यासारखं करत राहिला. दुसऱ्या दिवशी एकमेकांकडे पाठ करून, दोन खेकड्यांसारखे आडवे सरकत, एकाच कुंडात दोन टोकांना उतरलो. सासऱ्यांनी उतरण्याआधी गुडघे टेकून कोपर पाण्यात बुडवलं तेव्हा आतली जपानी म्हातारी माणसं आदराने गप्प झाली. हा काही प्राचीन विधी असावा असं त्यांना वाटलं असणार, कारण संध्याकाळी त्यांच्यातला एकजण तसंच कोपर बुडवताना मी पाहिला. तिथे पंचासारखा पातळ, छोटा टॉवेल घडी करून डोक्यावर ठेवायची पद्धत आहे. ती सासऱ्यांना फार आवडली. "बघा," ते माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाले, "सगळं उतरवतात, पण पागोटं सोडत नाहीत."

दुसरा मुक्काम समुद्रकाठी होता. खडकावर एक जुनं छोटं विश्रामगृह होतं, ते चालवणारी ताठ पाठीची एक वयस्क बाई होती आणि खिडकीखाली लाटा होत्या. तिथे घरच्या माणसांसाठी वेगळी खोली आणि आत एक लहान कुंड मिळतं. मी मुद्दाम सकाळसाठी ते मागून घेतलं होतं, म्हणजे पाठीला पाठ लावून का होईना, दुसरं कुणी नसेल. त्या पहाटे सासऱ्यांनीच मला उठवलं. हातात तेलाची बाटली, उटण्याची पुडी आणि एक सुपारीएवढं हिरवं संत्रं होतं. बागेत गळून पडलेलं उचललं होतं म्हणे. मग माझ्या लक्षात आलं की आज नरकचतुर्दशी आहे.

कोकणात त्या दिवशी कारीट नावाचं कडू फळ पायाखाली फोडून मग अभ्यंगस्नान करतात. जपानात कारीट नव्हतं म्हणून सासऱ्यांनी न्हाणीच्या उंबऱ्याशी ते संत्रं ठेवलं, डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडलं आणि "गोविंदा!" म्हणून अशी आरोळी दिली की समुद्र क्षणभर थांबला असावा. मग लाकडी स्टुलाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "बसा."

मी म्हटलं, बाबा, असू द्या. आमच्याकडे हे काम तिचं होतं. दर दिवाळीला ती पहाटे मला पाटावर बसवून तेल लावायची, आणि भारतातल्या आपल्या बाबांना फोनवर विचारायची की तुम्ही तेल लावलंत का.

"आता हे करायला आपल्याकडे बाईमाणूस उरलं नाही," ते बाटलीचं बूच काढत म्हणाले. "म्हणून काय दोघांनी नरकात जायचं?"

मी बसलो. तेल लावणं त्यांना येत नव्हतं. ते बॉयलर तपासावा तशी माझी पाठ तपासत होते. बोटांनी ठोकत, एका जागी थांबत, पुन्हा ठोकत. खांद्यांपाशी आल्यावर हात थांबले. "किती वाळलास रे," ते म्हणाले. मग उटणं लावलं, बादली जवळ ओढली, आणि पंचातून तो तांब्या काढला. तो त्यांनी जपानपर्यंत आणला होता. डोक्यावरून पाणी पडायला लागल्यावर माणूस न्हातो आहे की रडतो आहे हे बाहेरून कळत नाही. शॉवरखालीही ही सोय असावी, पण मला इतक्या महिन्यांत ती कधी वापरता आली नव्हती. बादली संपली की सासरे दुसरी भरत होते, आणि बऱ्याच भरल्या.

मग मी त्यांना तेल लावलं. कुंडात उतरायच्या आधी त्यांनी मला हाताने अडवलं. "थांब, बघतो." त्यांनी कोपर बुडवलं आणि नेहमीपेक्षा बराच वेळ तसंच ठेवलं. "ठीक आहे. उतर." आम्ही दोघं उतरलो, आणि पाठ फिरवायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. समोर समुद्र उजळत होता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्या छातीत कुणीतरी व्हॉल्व्ह सैल केल्यासारखं हलकं वाटत होतं. तेव्हा मला ते उत्तर सापडलं.

"बाबा, पुढच्या दिवाळीला मला तेल कोण लावणार?"

त्यांनी डोक्यावरचा टॉवेल काढला, पिळला, पुन्हा घडी केली, पुन्हा डोक्यावर ठेवला. "उटणं संपलं," ते म्हणाले.

बाहेर आलो तर दारात विश्रामगृहाची ती बाई उभी. आरोळी ऐकून आली होती आणि आता फरशीवरचं तेल बघत होती. कुंडाच्या पाण्यात काही मिसळू नये म्हणून तिथली माणसं किती जपतात हे मला ठाऊक होतं. मी फोनवर भाषांतर करून, मध्ये मध्ये वाकून, आमचा सण समजावून सांगितला, आणि अंग धुऊनच पाण्यात उतरलो हेही सांगितलं. तिने वाचलं, आत गेली आणि पोछा घेऊन आली. मी हात पुढे केला, पण तिने तो सासऱ्यांच्या हातात दिला. फोडलेलं फळ त्यांचंच हे तिने ओळखलं असावं. त्यांनी सगळी फरशी पुसली. मग तिने पायमोजा काढून अनवाणी तळव्याने कोपरा न् कोपरा चाचपला, एके ठिकाणी बोट दाखवलं, तिथे त्यांनी पुन्हा पुसलं, आणि तिने मान डोलावली. "हिच्या हाताखाली बॉयलर फुटायचा नाही," खोलीकडे जाताना सासरे खूश होऊन म्हणाले. "हिच्यापुढे तुमचा हाउसमाइस्टर काहीच नाही."

परतल्यावर एक रात्र घरी काढून मी त्यांना फ्रँकफर्टला विमानात बसवून दिलं. पुन्हा येण्याबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मला दुसऱ्यांदा विचारवलं नाही. घरी आलो. हात धुवायला न्हाणीघरात गेलो तर टबात, स्टुलावर, तो तांब्या उपडा घालून ठेवलेला होता. दुसऱ्या दिवशी ते पोहोचल्याचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, बाबा, तांब्या विसरलात.

"विसरतोय कसला," ते म्हणाले. "दर वेळी विमानतळावर पंचा सोडून तो दाखवावा लागतो. या वयात नको ती कटकट." मग म्हणाले, "मे महिन्यात येतोच आहे. घासून ठेवा तेवढा."

बॉबलिंगेनमध्ये आता बर्फ आहे. सकाळी मी टबात बादली भरतो, बाही वर करतो आणि कोपर बुडवून पाहतो. या घरात तान्हं बाळ कधी नव्हतं, आणि हसून ते बोलून दाखवणारीही आता नाही. तरी पाहतो. पाणी ठीक असतं. मग स्टुलावर बसतो.