पंपावरचं शून्य

"काका, झिरो बघा," पेट्रोल भरणारी मुलगी म्हणाली. मी सवयीने वाकून बघितलं. शून्यच होतं. आपल्याकडे पंपावर सगळेच वाकतात, देवळात वाकतात तसे. फक्त इथे भक्तीच्या जागी संशय असतो.

आता नळीतून पेट्रोलबरोबर उसाचं इथेनॉलही येतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लिटरचा भाव मात्र तोच. स्कूटर तीच, रस्ता तोच, चालवणारा म्हातारा मीच. तरी तालुक्याला जाऊन येईस्तोवर टाकीचा काटा पूर्वीपेक्षा खाली गेलेला असतो. मेकॅनिकला विचारलं तर म्हणाला, "इथेनॉलात दम कमी असतो, काका. पण स्वस्त पडतं म्हणे." कुणाला, ते त्याने सांगितलं नाही.

दूध जरा पातळ लागलं, तर आमची ही दूधवाल्याला दारातच उभं करून जाब विचारते. इथे कुणाला उभं करायचं?

"झालं, काका." मी आकडा बघितला. लिटर अगदी चोख होतं. पण मी लिटर घ्यायला कुठे आलो होतो? मला अंतर हवं होतं, आणि ते मोजून देणारा काटा पंपावर नसतो.

माझ्या मागचा माणूस पुढे सरकला आणि शून्य बघायला वाकला.