मॉसी क्विर्कची रिकामी ओळ

"एक अक्षर बोलू नकोस, कॉन! त्या घोड्याचं माझ्या कानावर घातलंस, तर तो कार्डावर येणार नाही. सांगून ठेवतोय."

"अरे, पण मी घरचा माणूस म्हणून..."

"घरचा आहेस म्हणूनच!"

चर्चच्या मागच्या भिंतीला दोन बाजू आहेत. एका बाजूला मॉसी आणि कॉन हे दोघे होते, दुसऱ्या बाजूला मी, ओल्या गवतात गुडघे टेकून सासूबाईंची कबर घासत. आता कान काही घरी ठेवून येता येत नाहीत. मी ब्रश थांबवला आणि सगळं ऐकलं. ऐकलं सगळं, लक्षात ठेवलं अर्धं. ते अर्धं त्याच संध्याकाळी माझ्या चुलतबहिणीला, जोसीला, चहाबरोबर दिलं.

मॉसी क्विर्क तेव्हा दूध संघाची लॉरी चालवायचा. उंच, वाकलेला, लग्न न केलेला. कॉन शॅनहन त्याच्या बहिणीचा नवरा. तो मिसेस लॅफनच्या तबेल्यात कामाला होता, रोज सकाळी शर्यतीचे घोडे पळवून आणायचा. राहायला घरही तबेल्याचंच.

मॉसीचं कार्ड म्हणजे पांढरा पुठ्ठा. दर शुक्रवारी तो हॅनरहान खाटकाच्या काचेवर लागायचा, सॉसेजच्या वर आणि चर्चच्या सूचनांच्या खाली. शनिवार-रविवारच्या, कुंपणांवरून उड्या मारायच्या घोड्यांच्या शर्यती, प्रत्येक शर्यतीपुढे एका घोड्याचं नाव आणि बाजूला चार शब्द. 'चिखल आवडतो.' 'डावीकडे झुकून उडी मारतो, इथलं मैदान उजवीकडे वळतं, नको.' 'गेल्या वेळी शेवटच्या कुंपणाला दमला.' फुकट. कुणाकडून एक पेनी घेतली नाही.

आणि इथेच माझं डोकं फिरायचं. फुकट का? बरं, तो स्वतः पैज लावायचा नाही. पैजेच्या दुकानाची पायरी चढताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं. जो स्वयंपाक करतो पण ताटावर बसत नाही, त्याच्या हातचं तुम्ही खाल का?

मैदान जवळ असलं तर शुक्रवारी सकाळी तो जाऊन कुंपणाबाहेरच्या गवतात काठी खुपसायचा. दूर असलं तर तिथल्या कुणा दूधवाल्या शेतकऱ्याला फोन. "बूट किती रुततोय रे? घोट्यापर्यंत? मग गाई आत घेतल्यास का?" एवढंच विचारायचा. गाई आत गेल्या म्हणजे जमीन जड, हे त्याचं शास्त्र. मला वाटायचं, हा सगळा देखावा आहे. काठी दाखवायला, खरी बातमी मेव्हण्याकडून.

पण कार्डावर एक विचित्र गोष्ट होती. मिसेस लॅफनचा घोडा ज्या शर्यतीत असेल, त्या शर्यतीपुढे मॉसी काहीच लिहायचा नाही. ओळ कोरी.

जोसीने माझं अर्धं वाक्य त्या कोऱ्या ओळीला नेऊन चिकटवलं. "नोनीने स्वतः ऐकलंय. त्याला जे पक्कं माहीत असतं ते तो कार्डावर घालत नाही." झालं! त्यानंतर गावात मॉसीने लिहिलेली नावं कोण वाचतो? सगळे न लिहिलेलं वाचायला लागले. शनिवारी सकाळी हॅनरहानच्या काचेपुढे माणसं अशी उभी राहायची, जणू त्या कोऱ्या जागेत देवदूत दिसणार आहे. कोरी ओळ दिसली की लॅफनचा घोडा शोधायचा आणि त्याच्यावर पैसे लावायचे. कधी जिंकायचा, कधी पहिल्याच कुंपणाला लोळायचा. लोळला तर म्हणायचे, "बघा, मॉसीने आपल्याला गंडवलं." जिंकला तर म्हणायचे, "बघा, स्वतः किती कमावलं असेल." त्या माणसाला सुटका नव्हती.

अशी वीस वर्षं गेली. मॉसी निवृत्त झाला, कार्ड चालूच राहिलं.

मग एका डिसेंबरात लॅफनची 'ऑक्टोबर मेरी' नावाची घोडी थर्ल्सच्या मैदानावर धावणार होती. कार्डावर तिसरी ओळ कोरी. त्या दिवशी गावाला काय भूत लागलं कोण जाणे. हॅनरहानची आई, तीसुद्धा, चालायच्या काठीसकट पैजेच्या दुकानात. सकाळी त्या घोडीवर एकाला बारा मिळत होते, सगळे तुटून पडल्यावर दुपारी एकाला तीनच. आणि घोडी आली की पहिली!

गावाने रात्रभर गाणी म्हटली. मिसेस लॅफनने मात्र विचार केला. त्या घोडीचा बरा झालेला पाय फक्त तबेल्यातल्या चार माणसांना माहीत होता. मग एका खेड्याने तिच्यावर एवढे पैसे कसे लावले? त्या चारांपैकी एकाचा मेव्हणा कार्ड लिहितो. त्या आठवड्यात तिने कॉनला पुढच्या सोमवारपर्यंत मुदत दिली. बातमी तू फोडली नाहीस हे दाखव, नाहीतर नोकरी सोड आणि घरही.

शनिवारी मॉसी माझ्या दाराशी आला. टोपी हातात. मी मनात म्हटलं, आता हा मला खोटं बोलायला लावणार.

"नोनी, त्या दिवशी भिंतीमागे तू होतीस."

"कुठल्या दिवशी?"

"तुझी निळी बादली कोपऱ्यावर होती. मी पाहिली."

वीस वर्षं! वीस वर्षं या माणसाला माहीत होतं आणि दर शुक्रवारी मला विचारायचा, "पाय कसा आहे, नोनी?"

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"काय बोलू? ऐकायला बंदी थोडीच आहे." त्याने टोपी फिरवली. "मिसेस लॅफनकडे ये. ऐकलंस तेवढंच सांग. त्याचा अर्थ काय लावलास ते सांगू नकोस."

"कोरी ओळ कशाला ठेवायचास? कुठलं तरी नाव टाकायचं."

"जे मला वाटत नाही ते लिहू? लोक त्याच्यावर पैसे लावतात गं."

बरं, गेले. मिसेस लॅफन बारीक बाई, पण नजर अशी की घोड्याने स्वतःहून खूर उचलावा. मला खुर्ची दिली, चहा दिला नाही.

"तुम्ही मॉसीच्या मैत्रीण?"

"मुळीच नाही. वीस वर्षं मी त्याला लबाड समजते."

ती पहिल्यांदा नीट बसली. मी भिंतीमागचं सगळं सांगितलं, 'एक अक्षर बोलू नकोस' पासून. सांगताना माझंच मला ऐकू आलं. कॉन सांगत होता आणि हा कान बंद करत होता. ज्या घोड्याचं घरातून कळण्याची भीती, त्याच्यावर मत द्यायचंच नाही, म्हणून ओळ कोरी. एवढं सरळ होतं.

"मग गावाला कोरी ओळ वाचायला कुणी शिकवलं?" तिने विचारलं.

इथे गप्प बसता आलं असतं. जोसी वारली होती, तिच्या डोक्यावर सगळं ढकलता आलं असतं. पण कॉनचं घर माझ्या जिभेवर टांगलेलं होतं.

"मी," म्हटलं. "म्हणजे जोसीने. पण तिला मी."

ती म्हणाली, "स्वतःला एवढं मूर्ख ठरवणारं खोटं कुणी रचणार नाही." आणि चहा आला.

कॉन राहिला, घरही राहिलं. मी गावभर खरं सांगितलं. कुणाला पटलं? हॅनरहान डोळा मारून म्हणाला, "मॉसीने तुलाही सामील करून घेतलं वाटतं!" कोरी ओळ वाचणं तसंच चालू राहिलं. माझं सांगणं म्हणजे आणखी एक डाव, असं ठरलं.

मॉसी गेला त्या आठवड्यातला शुक्रवार मला आठवतो. फेब्रुवारी, जमीन भिजलेली. काठीच्या टोकाला वीतभर चिखल होता. त्याने कार्ड काचेवर धरलं, चारही कोपऱ्यांना चिकटपट्ट्या लावल्या, प्रत्येक पट्टी अंगठ्याने पुन्हा दाबून पाहिली. सहा शर्यती. पाचवी ओळ कोरी. मी चष्मा लावून जवळ गेले.

"नोनी, तिथे काही लिहिलेलं नाही."

"दिसतंय मला."

"मग एवढं काय वाचतेस?"

मी म्हटलं, "अक्षर बरं आहे का बघत होते."

तो हसला नाही. पाव किलो सॉसेज घेतले, माझा पाय कसा आहे ते विचारलं, दाराशी काठीचा चिखल झटकला आणि गेला.