नाना काय खातील

पुण्यात मला आवडणारी चार-पाच हॉटेलं सगळी परक्या मुलखांची. कोंढव्यातलं एक अरबी, कॅम्पातल्या गल्लीतलं तिबेटी, एक व्हिएतनामचं, एक इटालियन आणि बाणेरकडचं एक कोरियन. मोठी नाहीत ही. सहा-आठ टेबलं, भिंतीवर कुठल्या तरी डोंगराचा नाहीतर बोटींचा फोटो, आणि गल्ल्यावर बसलेला माणूस आपल्याला ओळखतो, एवढंच. शाळेच्या पुस्तकांची पानं कॉम्प्युटरवर लावायचं माझं काम घरूनच चालतं. आठवडाभर कुणाशी बोलणं होत नाही. त्यामुळे शनिवारी दुपारी त्यांतल्या एखाद्या ठिकाणी जाऊन निवांत जेवायचं, असं मी गेली कितीतरी वर्षं करत आले. गावी फोनवर सांगितलं की नाना, म्हणजे माझे वडील, विचारायचे की तिथे मिरची तरी घालतात का. नाही म्हटलं की त्यांना माझी दया यायची.

आमचं गाव लोणखेडा, शहाद्याला लागून. नानांनी जन्मभर कापूस केला, केळी केली, अलीकडे पपई. आणि जन्मभर तंबाखू मळली. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांच्या जिभेच्या कडेला एक चट्टा दिसला. तो भरेना, म्हणून धुळ्याला दाखवलं, तिथून पुण्याला. लवकर सापडलंय, असं डॉक्टर म्हणाले. छोटं ऑपरेशन झालं आणि मग सहा आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचे ठरले, सोमवार ते शुक्रवार, रोज सकाळी. दसरा झाल्यावर नाना माझ्या दोन खोल्यांत राहायला आले. माय येऊ शकली नाही. कापूस फुटला होता, वेचणीला डोंगरातून माणसं आलेली होती, त्यांना सोडून ती कशी येणार?

पहिले दोन आठवडे बरे गेले. नाना सकाळी मशीनखाली जाऊन यायचे आणि दुपारी माझ्या बाल्कनीत बसून खालच्या रस्त्यावरच्या गाड्या बघायचे. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी वरण-भात कालवून दिला. दोन घास खाऊन त्यांनी वाटी बाजूला ठेवली.

"माती लागस," ते म्हणाले.

मी चाखून बघितलं. वरण नेहमीसारखंच होतं. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले की शेकाने असं होतंच. चव जाते, तोंड कोरडं पडतं, तिखट तर लागूच द्यायचं नाही. परत कधी येईल, या प्रश्नाला त्यांनी काही महिने असं उत्तर दिलं, मग वर्षही लागेल म्हणाले, आणि शेवटी कधीकधी पूर्ण येत नाही हेही सांगितलं. हे सगळं ते एकाच सुरात बोलले. नाना शेजारी बसून हातातली टोपी गोल फिरवत होते.

इकडे मायचे डबे सुरू झाले होते. शहाद्याहून पुण्याला येणाऱ्या गाडीत ती संध्याकाळी पिशवी द्यायची आणि सकाळी मी थांब्यावर जाऊन घ्यायची. हिवाळा तोंडावर आला होता. आमच्याकडे खाण्याचा खरा हंगाम तोच. कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा. प्रत्येक डब्याला फडक्याची गाठ. नाना गाठ स्वतः सोडायचे, झाकण उघडून वास घ्यायचे. वास येत होता त्यांना. मग बोटाच्या टोकावर एवढंसं घेऊन जिभेला लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. तिखटाने डोळ्यांतून पाणी यायचं. डबा माझ्याकडे सरकवायचे.

मग फोन यायचा. "तुन्हा नानासनी खादं का?" माय विचारायची. मी काही बोलायच्या आत नाना फोन घ्यायचे आणि भरीत अगदी बरोबर झालंय, मीठ-मिरची जशीच्या तशी, भाकरीही पूर्ण खाल्ली, असं सांगायचे. खोटं बोलताना त्यांचा आवाज खुललेला असायचा. माय खूश होऊन दुसऱ्या दिवशी जास्त पाठवायची. ते भरीत मी ओट्याशी उभी राहून खायची. माझी जीभ शाबूत होती आणि भरीत खरोखरच फार चांगलं असायचं. टाकून देववत नव्हतं आणि गिळताना मला माझाच राग यायचा.

त्यांचं वजन उतरत चाललं होतं. एका शनिवारी मला काहीच सुचेना. घरात केलेलं काही चालत नाही, बाहेर तरी जाऊ, म्हणून त्यांना बाणेरच्या कोरियन हॉटेलात नेलं. ते चालवणारी बाई साठीची. चाकणच्या कारखान्यातले तिच्या देशाचे इंजिनियर तिच्याकडे जेवायला येतात. तिला मोडकीतोडकी हिंदी येते. नानांच्या गळ्यावरची कातडी शेकाने काळी पडली होती, ती तिने पाहिली. मी यादी हातात घेतलेली असतानाच ती आत निघून गेली, आणि थोड्या वेळाने भाताची पातळ पेज घेऊन आली. तांदूळ भिजवून, वाटून, अगदी मंद शिजवलेली, वर तिळाच्या तेलाचे दोन थेंब. मांस नाही ना, हे मी तिला दोनदा विचारून घेतलं.

नानांनी एक चमचा घेतला. थांबले. दुसरा घेतला. वाटी संपवली.

घरी येताना रिक्षात मी विचारलं की चव आली का. ते नाही म्हणाले. मग कसं खाल्लंत, असं विचारल्यावर म्हणाले, "हाई कसं लागाले पाहिजे, ते माले माहीतच नही. म्हनीसन उतरी जास. घरनं खादं का लगेच समजस, काय गयं ते."

त्या दिवशी मला वाटलं, सापडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, वाटी संपली. तिसऱ्या दिवशी अर्धी राहिली. चौथ्या दिवशी त्यांनी तीन चमचे घेतले आणि चमचा खाली ठेवला. ती बाई येऊन उभी राहिली. काय चुकलं, असं तिला विचारायचं असावं. तिचं काही चुकलं नाही हे तिला कसं सांगावं मला कळेना. मी हात जोडले. तिनेही मान लववली आणि वाटी आत नेली. चार दिवसांत ती पेज नानांच्या ओळखीची झाली होती. ओळख झाली की तिच्यात काय कमी आहे, तेही कळायला लागत होतं.

मग माझी धावपळ सुरू झाली. सकाळी हॉस्पिटल, परत येऊन पानं लावायचं काम, आणि डोक्यात सतत एकच, आज नवं काय. अरबी हॉटेलातला हरभऱ्याचा गुळगुळीत लगदा, हमस, तीन दिवस चालला. तिबेटी सुपातल्या मऊ शेवया दोन दिवस. इटालियन लोकांचा चीज घातलेला ओलसर भात एकच दिवस. व्हिएतनामच्या हॉटेलात कच्च्या पपईचं सूप मिळालं तेव्हा नाना बऱ्याच दिवसांनी हसले. आपण ट्रकच्या ट्रक भरून पाठवतो ती पपई हे लोक कच्चीच शिजवून खातात, याची त्यांना गंमत वाटली. ते सूप त्यांनी पाच दिवस घेतलं. सगळ्यांत जास्त तेच टिकलं. मी एकटीने वर्षानुवर्षं जमवलेली ठिकाणं अशी एकेक करून संपत गेली.

सहाव्या आठवड्यात माय न कळवता आली. वेचणीचा एक फेरा आटोपला होता आणि तिला राहवलं नव्हतं. सकाळी गाडीतून उतरून रिक्षा करून ती थेट दारात. आम्ही हॉस्पिटलातून परत आलो तर ही पायरीवर बसलेली. नानांकडे बघून तिने पदर तोंडाला लावला, पण रडली नाही. आत आल्याबरोबर स्वयंपाकाला लागायचं म्हणून तिने फ्रिज उघडला. आत तिचेच चार डबे होते. दोन डब्यांच्या गाठीही सुटलेल्या नव्हत्या. ते मला खाववले नव्हते आणि टाकवलेही नव्हते.

तिने डबे एकेक करून बाहेर काढून ओट्यावर मांडले. आम्ही दोघं खोलीच्या दारात उभे. ती वळून नानांना म्हणाली, "मन्हा हातनं चालत नही का आते?"

 रिक्षात नानांनी मला जे सांगितलं होतं ते तिलाही सांगतील, असं मला वाटलं. पण ते भिंतीला धरून हळूहळू बाल्कनीत जाऊन बसले. शेवटी मीच सगळं सांगितलं, अगदी पहिल्या वरण-भातापासून. सांगताना माझं मलाच ते पटण्यासारखं वाटेना. चाळीस वर्षांहून अधिक काळ ज्याला जेवायला वाढलं त्या माणसाला तुझं जेवण इतकं माहीत आहे म्हणूनच ते खाववत नाही, हे बायकोला कुठल्या शब्दांत सांगायचं? तिने सगळं ऐकून घेतलं. मग चारही डबे रिकामे केले, घासले आणि पालथे घातले.

दुसऱ्या दिवशी तिने मला त्या हॉटेलांत न्यायला सांगितलं. कोंढव्याला गेलो. तिने हमस बोटाने चाटून बघितलं, तीळ ओळखले, लसूण ओळखला, लिंबू ओळखलं. तेल कसलं ते तिला कळेना. ती नानांकडे बघत होती. त्यांनी चार घास घेतले आणि बास केलं. तिने वाटी स्वतःकडे ओढून उरलेलं संपवलं.

शेक संपले. पौषात आम्ही तिघं लोणखेड्याला आलो. मी लॅपटॉप घेऊन महिनाभर तिथेच राहिले. तेव्हा घरात दोन स्वयंपाक व्हायचे. वेचणीच्या बायकांसाठी आणि आमच्यासाठी हंगामाचं सगळं, आणि नानांसाठी मी फोनवर शोधून वाचून दाखवायची ते. मायने कधी न ऐकलेली नावं ती तोंडात दोनदा घोळवायची आणि कामाला लागायची. हरभरे घरचे, तीळ संक्रांतीला आणलेले. ऑलिव्हच्या तेलाच्या जागी शेंगदाण्याचं. खऱ्या हमसशी त्याचा काही संबंध नव्हता, म्हणूनच असेल, नानांनी वाटीभर खाल्लं. माय चुलीपाशी उभी राहून त्यांचा घास तोंडात जाताना बघत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी वाटी सरकवली.  संध्याकाळी माय माझ्याजवळ येऊन बसली आणि दुसरं काहीतरी वाच म्हणाली. मग कच्ची पपई, नारळाचं दूध. मग भोपळ्याचं सूप. मग केळी कुस्करून कुठल्याशा बेटावर करतात तसली खीर. एखादा पदार्थ चार दिवस चालायचा, एखादा एकच वेळ. शेजारच्या बायका डोकावून विचारायच्या, हे काय चाललंय. माय म्हणायची, डॉक्टरांनी सांगितलंय. तिला लोकांसमोर खोटं बोलताना मी पहिल्यांदाच बघत होते.

फाल्गुनात पुण्याला तपासणी झाली. आजार कुठे दिसत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही दोघी हॉस्पिटलच्या दाराशी येऊन एकमेकींचा हात धरून उभ्या राहिलो. चवीचं नानांनी स्वतःच विचारलं. डॉक्टर म्हणाले, धीर धरा. नाना धीर धरणारेच आहेत. पण त्या दिवशी जिना उतरताना ते मला म्हणाले की तंबाखूचीसुद्धा आठवण येत नाही आता. तेवढं चांगलंच झालं, मी म्हटलं. 

त्यांना पुन्हा गावी सोडून मी पुण्याला परतले. शनिवारी एकदा कोरियन हॉटेलात गेले. त्या बाईने आधी माझ्या मागे कुणी आहे का ते बघितलं आणि मग माझ्याकडे. मी हिंदीत सांगितलं की ते बरे आहेत, घरी आहेत. तिने टाळी वाजवल्यासारखे हात जुळवले आणि न मागता तीच पेज आणून ठेवली. मला ती पहिल्यांदाच नीट चाखायला मिळाली. चांगली होती. मी संपवली, आणि पुन्हा काही मागवलं नाही.

आता उन्हाळा लागलाय. गावी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालायचे दिवस आहेत. माय म्हणते, यंदा थोडेच केले. नानांचं वजन कमी झालेलं नाही आणि वाढलेलंही नाही. ते सकाळी पपईच्या बागेत चक्कर मारून येतात, दूध पितात, गोड थोडं थोडं कळतं म्हणतात. ते खरं की फोनवरच्या भरितासारखं, हे मला ओळखता येत नाही. मायलाही येत नाही.

परवा दुपारी तिचा फोन आला. नाना आत झोपले होते, म्हणून ती हळू आवाजात बोलत होती. मी सांगितलेलं मेक्सिकोचं राजम्याचं सूप दोन दिवस गेलं, काल वाटी तशीच उरली. मी म्हटलं, बघते. तरी फोन ठेवला नाही तिने. मागे पंख्याचा आवाज येत होता.

"आते कोनता देश ऱ्हायना?" तिने विचारलं.

मी तिला संध्याकाळी फोन करते म्हणून सांगितलं. संध्याकाळपर्यंत मला काही सापडलं नव्हतं. तरी मी फोन केला.