सतरा काड्या

माझं तोंड उघडत नाही, हे मला वडापावामुळे कळलं. सकाळी वाशिंद स्टेशनबाहेर एक घेतला, तर तो तोंडात शिरेना. प्रसाद खाल्ल्यासारखा चिमूट चिमूट खावा लागला.

वीस वर्षं गुटख्याची पुडी खाल्ल्यावर दुसरं काय होणार? शहापूरच्या दातांच्या डॉक्टरांनी उभी तीन बोटं तोंडात घालायला सांगितली. दोन गेली, तीही रडतखडत. "पुडी आजपासून बंद," ते म्हणाले आणि आइस्क्रीमच्या असतात तशा लाकडी काड्यांची जुडी हातात दिली. काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, पाच मिनिटं, दिवसातून चार वेळा. आठवड्याला एक काडी वाढवायची. त्या दिवशी अकरा बसल्या. दोन महिन्यांत सतरा बसल्या नाहीत, तर ऑपरेशन. बायको शेजारीच होती. घरी येऊन तिने कॅलेंडरवर अकरा लिहिलं.

पुडी मी सोडली, हे छाती ठोकून सांगतो. लोकांच्या हातात असतं तर सुटली नसती. किन्हवलीच्या स्टँडवर जो भेटेल तो पाठ थोपटायचा, "लय बरं केलंस," आणि दुसऱ्या हाताने स्वतःची पुडी पुढे करायचा. "येवढी घे नि मंग सोड. एकानं काय होतंय रे?" कंपनीतला एक जण मला रोज मोबाइलवर ध्येय कसं गाठावं त्याचे व्हिडिओ पाठवायचा. तो स्वतः पुडी तोंडात टाकल्याशिवाय मशीनला हात लावत नाही. असल्या लोकांचा मला संताप यायचा, अजूनही येतो.

काड्या मात्र ऐकेनात. बारा झाल्या, मग तीन आठवडे बाराच. जबडा ठणकायचा, लाळ गळायची आणि तेरावी काडी आत जायची नाही. बायको चुलीपाशी मिसरी लावत बसलेली असायची. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, लग्नाच्या आधीपासूनची तिची सवय. दातांवरून काळं बोट फिरवत ती विचारायची, "आज किती?" माझं टाळकं सरकायचं.

"तू आधी ती मिसरी सोड गो, मग मला विचार."

ती उठून चूळ भरायला जायची.

शेवटी मी तो उद्योग केला. कंपनीतून पॉलिश पेपरचा तुकडा आणला आणि गोठ्यामागे बसून सगळ्या काड्या घासल्या. प्रत्येक काडी जराशीच, कळणार नाही इतकी. संध्याकाळी तेरा बसल्या. कॅलेंडरवर तेरा लिहिताना बायको किती दिवसांनी हसली. मग मला थांबता येईना. चौदासाठी घासल्या, सोळासाठी घासल्या. खरं सांगायचं तर मधूनमधून मलाही वाटायचं, तोंड उघडतंय. वडापावाच्या गाडीकडे मात्र मी फिरकलो नाही.

दोन महिन्यांनी दोघं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काड्या मागितल्याच नाहीत. छोटी पट्टी दातांमध्ये धरली आणि जुना कागद बघितला.

"तेव्हा बावीस मिलिमीटर होतं, आज चोवीस. व्यायाम करता ना?"

"सतरा बसतात की," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी हात पुढे केला. मी खिशातून काड्या काढून दिल्या. त्यांनी एक काडी आपल्या डब्यातल्या काडीशेजारी धरली आणि दोन्ही टेबलावर ठेवल्या. ओरडले नाहीत. आणखी एक महिना बघू म्हणाले आणि नव्या काड्या दिल्या. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

एसटीत बायको खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर मीच म्हणालो, "घाल काय त्या शिव्या."

"शिव्या कशाला?" ती म्हणाली. "तुमच्या चौदा झाल्या ना, तवाच मी मिसरीचा डबा उकिरड्यावर टाकला. म्हटलं, तुमाला जमतंय तर मला काय धाड भरलीय? डोकं भणभणायचं माझं. मंग कॅलेंडरवरचा आकडा बघायची नि तग धरायची."

जवळजवळ महिनाभर तिच्या बोटाला काळं नव्हतं आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी काड्या घासत बसलो होतो. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

तिने नवी जुडी सोडून माझ्यासमोर ठेवली. मी एकेक काडी रचत गेलो. बारा बसल्या. तेरावी दातावर अडली. तिने सतरावर काट मारली, बाजूला बारा लिहिलं आणि पेन हातात धरून माझ्याकडे वळली.

"आता मी काय बघून तग धरू, तेवढं सांगा."

तोंडात बारा काड्या होत्या. मला बोलता येईना.